एक पायरी खाली

प्रिय भिंगरी,

सकाळी निघताना तू जिन्यातून ओरडून सांगितलंस की दुधावर झाकण ठेव आणि माझी वाट बघत उपाशी बसू नकोस. दुधावर झाकण ठेवलंय. जेवण काही गेलं नाही. आता दुपारचे दोन वाजलेत. तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय, आणि तुझ्या लेकीच्या जुन्या वहीतले मागचे कोरे कागद फाडून घेतलेत. वसतिगृहातून परत आली की तिची मी माफी मागेन. तू सहाला येशील. तोवर मला हे पुरं करायचंय.

एका घरात राहून पत्र कसलं लिहितेस, असं म्हणशील. सांगते. हे तुझ्या रिपोर्टबद्दल आहे. पोटातल्या गाठीचा तो स्कॅनचा रिपोर्ट, जो तू स्वतः न वाचता मला पाठवलास आणि ज्याचा अर्थ मी तुला फोनवर सांगितला. त्याबद्दल मला काही बोलायचंय, आणि चार दिवस तुझ्यासमोर बसून ते माझ्या तोंडातून निघत नाही. परवा भांडी विसळताना सुरुवात केली होती. दोन वाक्यांत गाडी तुझ्या पडद्यांच्या रंगावर गेली, आणि तू म्हणालीस की एवढ्या लांबून पडदे बघायला आलीस का. तोंडाने बोलताना मी पळ काढते. कागदावर पळता येत नाही, खोडलं तरी खोडलेलं दिसतं. तुझी खोड मला ठाऊक आहे, कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं पान तू आधी वाचतेस. आज तसं करू नकोस. ओळीने ये. मीही ओळीनेच येणार आहे, कारण एकदम शेवटाला पोचायची माझी हिंमत नाही.

तुला शाळेमागची पाण्याची टाकी आठवते का? तुला आठवत असेल ती चार खांबांवर उभी असलेली, गंजक्या शिडीची साधी टाकी. मला आठवते ती वेगळी. मी नऊ वर्षांची होते आणि ती टाकी मी बघत नसताना सरकते, अशी माझी खात्री होती. संध्याकाळी तिची सावली आपल्या खिडकीतून आत येऊन माझ्या अंथरुणापर्यंत पोचायची. शाळेत जायचं तर तिच्या पायाखालून जावं लागे, आणि मी दप्तर पोटाशी धरून वाटेतच थिजायचे. तू पाच वर्षांची. माझं बोट धरून पुढे व्हायचीस आणि मान वर करून तिला दम द्यायचीस, ए, बाजूला हो, माझी ताई येतेय. मोठी कोण आणि धाकटी कोण, असं शेजारपाजारचे विचारायचे. भित्री भागूबाई हे नाव मला तूच दिलंस. अजूनही ते मला चपखल बसतं. मोठ्या वस्तूंची माझी भीती कधी गेलीच नाही. जहाज, पुतळा, धरणाची भिंत, रिकामं सभागृह, काहीही प्रमाणाबाहेर मोठं दिसलं की मी वाट बदलते.

बाबांनी त्यावर काढलेला उपाय आठव. शिक्षकांना राहायला दिलेल्या आपल्या त्या घराला सात पायऱ्या होत्या. इंग्रजी शिकवणारा माणूस, त्याला दुसरं औषध कुठलं सुचणार? त्यांनी खडूने प्रत्येक पायरीवर एकेक शब्द लिहिला. सगळ्यांत खाली बिग. मग लार्ज, ह्यूज, मॅसिव्ह, इनॉर्मस, जायगॅन्टिक, आणि सातवीवर कोलॉसल. इमेन्स उरला, तो त्यांनी उंबरठ्यावर लिहिला आणि म्हणाले, याचा अर्थच मुळी ‘मोजता न येणारं’, तेव्हा यावर कोणी उभं राहायचं नाही, ओलांडून आत यायचं. सगळ्या शब्दांचा अर्थ मोठा असाच आहे, पण एकाचं काम दुसरा करत नाही, असं ते बजावायचे. लार्ज म्हणजे बिगच, फक्त इस्त्रीचे कपडे घातलेला. ह्यूज म्हणताना तोंडातून हवा जाते, कारण बघणारा दचकलेला असतो. मॅसिव्हला वजन असतं, तो उचलून बघावा लागतो. इनॉर्मस म्हणजे मापाच्या, नियमाच्या बाहेर गेलेलं. जायगॅन्टिक राक्षसाचा, कोलॉसल पुतळ्यांचा. तू हे सगळं ऐकता ऐकता सातवीवरून अंगणात उडी मारायचीस.

रोज संध्याकाळी ते मला विचारायचे, आज टाकी कुठल्या पायरीवर? मी थेट कोलॉसलवर जाऊन उभी राहायचे. मग ते म्हणायचे, नीट बघ, तिथून बघ. खरंच पुतळ्याएवढी आहे का? मग एक पायरी खाली ये. मी एक पायरी खाली यायचे. कधी एका पायरीला आठवडा लागायचा. पण पावसाळा संपेपर्यंत मी ह्यूजपर्यंत उतरले आणि एके दिवशी डोळे उघडे ठेवून टाकीखालून चालत गेले. तू मात्र कायम पहिल्या पायरीवर. हत्ती असो, पूर असो, आईचं आजारपण असो, तुला काहीही विचारलं की बिग. बाबा हसून म्हणायचे, हिच्यासाठी एकच पायरी बांधायला हवी होती.

एक पायरी खाली ये. आपल्या घरात मायेचं वाक्य म्हणजे एवढंच होतं. बाबा याहून जास्त कधी काही बोलले नाहीत.

आता माझ्या कामाबद्दल. मी हॉस्पिटलात रिपोर्ट टाइप करते एवढंच तुला माहीत आहे, आणि तू लोकांना सांगतेस की माझी बहीण अर्धी डॉक्टर आहे. अर्धी काय, पावही नाही. आमच्या विभागात स्कॅन बघून डॉक्टर इंग्रजीत रिपोर्ट सांगतात, आम्ही दोघी तो टाइप करतो, आणि त्याच्यासोबत पेशंटच्या भाषेत अर्धं पान लिहितो. त्याला आमच्याकडे सोपं पान म्हणतात. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ही पद्धत सुरू केली, कारण लोक इंग्रजी रिपोर्ट घेऊन औषधाच्या दुकानात अर्थ विचारायला जायचे. सोपं पान दहा ओळींच्या वर जात नाही. पहिल्यांदा त्यात गाठीची मापंही असायची. मग एक दिवस एका म्हाताऱ्या सुताराने, आम्ही रिपोर्ट देतो त्या खिडकीसमोरच, खिशातली टेप काढली आणि सगळ्यांदेखत बायकोच्या पोटावर लावून बघितली. ती बाई तिथेच खाली बसली. तेव्हापासून सोप्या पानावर आकडे बंद झाले. राहिली विशेषणं. आपल्या भाषेत कुठल्या इंग्रजी शब्दाला काय लिहायचं याचा तक्ता माझ्या टेबलासमोर टाचलेला आहे. लार्ज असेल तर मोठी, ह्यूजला खूप मोठी, मॅसिव्हला अतिशय मोठी, इनॉर्मसला प्रचंड. तो तक्ता पहिल्या दिवशी पाहिला तेव्हा मला आपल्या पायऱ्याच दिसल्या, आणि मी मनात म्हटलं की हे काम माझ्यासाठीच ठेवलं होतं.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. खिडकीबाहेर एक बाई तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. मुलाच्या रिपोर्टमध्ये गाठीसाठी शब्द होता मॅसिव्ह. काचेतून मला तिचे हात दिसत होते, ती मुलाच्या टोपीची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होती. मी तक्त्याकडे बघितलं आणि लिहिलं, खूप मोठी. एकच पायरी. सोपं पान डॉक्टर वाचत नाहीत, खाली सही करतात. त्या बाईने ते वाचलं आणि तिला रडू फुटलं, पण ती उभी राहू शकली, आणि त्याच दिवशी मुलाला वरच्या मजल्यावर दाखल केलं. मूल वाचलं. मला वाटलं, बघा, काही बिघडलं नाही. उलट तिला उभं राहायला बळ मिळालं.

त्यानंतर माझा हात आपोआपच उतरायला लागला. सगळ्यांसाठी नाही. ज्यांचे हात दिसायचे त्यांच्यासाठी. समोर बसणाऱ्या सोबतिणीच्या ते लक्षात आलं होतं. ती थट्टा करायची की तुझ्या पानावर सगळे अर्धे बरे होऊन घरी जातात, एक पान मलाही लिहून दे, सासूबाईंचं. मी हसायचे. मला अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू. बाबांची मुलगी आहे मी, असं वाटायचं.

मग सात आठवड्यांपूर्वी तुझा फोन आला. दिवस मंगळवार होता, मी भाजी निवडत होते. पोट फुगतंय म्हणून कामावरच्या डॉक्टरने स्कॅन करायला पाठवलं होतं, रिपोर्ट हातात आला होता आणि तो डॉक्टर रजेवर गेला होता. तू पाकीट फोडलंस, कागदांचे फोटो काढले आणि मला पाठवलेस. मी विचारलं, तू वाचलास का? तू म्हणालीस, नाही. काय सापडायचं ते सापडू दे, पण तुझ्या तोंडून. मी ते फोटो मोठे करून वाचत होते आणि पलीकडे तू गप्प होतीस. तू आणि गप्प. आयुष्यात पहिल्यांदा मला तुझा नुसता श्वास ऐकू येत होता. मग तू बारीक आवाजात म्हणालीस, “ताई, बाकी काही नको. कुठली पायरी, तेवढं सांग.”

चाळीस वर्षांत तू पहिल्या पायरीवरून कधी हलली नव्हतीस. टाकीला दम देणारी, चाळीस मीटर उंच क्रेनवर आठ तास एकटी बसणारी माझी बहीण घाबरली होती, इतकी की तिने आपला कागदही वाचला नव्हता. तुझी ती भीती मला सोसली नाही. मी म्हटलं, दुसरी. लार्ज. थोडी मोठी आहे, इतकंच. तू हुश्श केलंस. मग लगेच तुझा नेहमीचा आवाज परत आला, म्हणालीस, म्हणजे इस्त्रीचे कपडे घातलेली, आणि खदखदून हसलीस. गोदीतल्या त्या जहाजात दोन इंजिनं चढवायची आहेत, माझ्याशिवाय कोणाला जमणार नाही, तीन महिन्यांनी बघू, असं तू म्हणालीस. आणि मी म्हटलं, काही घाई नाही.

काही घाई नाही. हे तीन शब्द कुठल्याही तक्त्यात नव्हते. ते माझ्या पदरचे.

फोन ठेवल्यावर मी स्वतःला समजावलं की आठवड्याभरात हळूहळू सांगू. पुढच्या रविवारी तुझा आवाज इतका मोकळा होता की सांगवलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तू नव्या इंजिनाबद्दलच बोलत होतीस. सर्जनला एकदा दाखवून तर ये, असं मी दोनदा म्हटलं, पण इतक्या मऊ आवाजात की ते एखाद्या म्हाताऱ्या मावशीच्या सांगण्यासारखं ऐकू आलं असेल. तू म्हणालीस, घाई नाही ना, मग? माझंच वाक्य माझ्या तोंडावर परत आलं.

गेल्या बुधवारी आमच्या खिडकीशी एक माणूस आला. घड्याळं दुरुस्त करतो, त्याच्या शर्टाच्या खिशाला ते एका डोळ्याला लावायचं भिंग अडकवलेलं होतं. त्याने चार घड्या घातलेलं एक सोपं पान काढून काचेखालून सरकवलं. अक्षर माझं. आठ महिन्यांपूर्वीचं, त्याच्या बायकोचं. त्याला भांडायचं नव्हतं. त्याने विचारलं की या पानाचा मूळ इंग्रजी कागद ओला होऊन गेला, त्यात कुठला शब्द होता ते मिळेल का. मी शोधून काढला. मॅसिव्ह. त्याने अर्थ विचारला, मी सांगितला. त्याने पानावरच्या ‘मोठी’ या शब्दावर बोट ठेवलं. म्हणाला, आम्ही दोघांनी हे वाचून ठरवलं होतं की आधी मुलीची शेवटची परीक्षा होऊ द्यावी, मग ऑपरेशन. मोठी म्हणजे मोठी, पण थांबता येईल अशी. आता डॉक्टर म्हणतात की ऑपरेशन करून उपयोग नाही. मग त्याने खिशाचं भिंग काढून पुन्हा तिथेच अडकवलं आणि विचारलं, “बाई, खरा शब्द होता ना तुमच्याकडे? मग तो आम्हाला का नाही दिलात?”

मी पानाची घडी घालून ते काचेखालून परत सरकवलं. तो आभार मानून गेला. आभार, भिंगरी. मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. नऊ वर्षांतली पानं काढून तपासायचं काम आता सुरू आहे, आणि माझ्याकडे ते टेबल राहील की नाही ठाऊक नाही, ते त्यांनी ठरवावं. त्या दिवशी एक गोष्ट मला पहिल्यांदा कळली, इतक्या वर्षांत कळायला हवी होती ती. बाबांनी माझी भीती खाली आणली होती. टाकी होती तेवढीच होती, आणि ती केवढी आहे याबद्दल ते माझ्याशी कधीच खोटं बोलले नव्हते. उलट म्हणायचे, नीट बघ.

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडून मी तुझ्याकडे आले. सुट्टी साठली होती असं तुला सांगितलं. तू दार उघडलंस आणि मी आधी तुझ्या पोटाकडे बघितलं, तुझ्या तोंडाकडे नंतर. तुला ते कळलं नाही. चार दिवस मी तुला चोरून बघतेय. तुझ्या पट्ट्याला शेवटच्या भोकाच्या पुढे खिळ्याने पाडलेलं नवं भोक आहे. तू अर्धी पोळी टाकतेस आणि म्हणतेस की केबिनमध्ये बसून बसून भूकच मेलीय. डाव्या कुशीवर तुला झोपता येत नाही, पाठीखाली उशी लागते. बुटाची नाडी बांधताना तू खुर्चीवर पाय ठेवतेस, वाकत नाहीस. यातली एकेक गोष्ट मी मोजतेय.

आणि काल तू मला गोदीत घेऊन गेलीस. मला जायचं नव्हतं, पण तुझं काम मी एकदाही बघितलं नव्हतं आणि तू हट्टाला पेटलीस. फाटकातून आत शिरल्यावर ते जहाज दिसलं आणि मी खरंच तुझा दंड धरला. त्याचा तळ पाण्याबाहेर होता, भिंतीसारखा, आणि वर बघितलं तर त्याला शेवटच नव्हता. क्रेनखालून तुला इशारे देणारा तुझा माणूस, ज्याला तुम्ही सगळे शिट्टी म्हणता, तो हसत म्हणाला की ताईंना वर घेऊन जा, वरून जहाज खेळण्यासारखं दिसतं. मी म्हटलं, मला खालूनच खेळण्यासारखं दाखवा. तो हसला, तू हसलीस. मग जेवणाच्या सुट्टीत आपण तिघं लोखंडी पेटीवर बसलो होतो आणि मी सहज, खरं तर सहज नाही, विचारलं की एवढाली धुडं उचलताना तुला भीती वाटत नाही का, ती किती मोठी आहेत हे वरून कळतं तरी का? तू म्हणालीस की वरून काहीच कळत नाही, वरून सगळं सारखंच दिसतं. शिट्टी खालून वजन सांगतो, त्या भरवशावर दांडा ओढायचा. आमच्याकडे मोठं, खूप मोठं, असलं काही नसतं, टनात सांगायचं. मी विचारलं, आणि त्याने कमी सांगितलं तर? तू डबा बंद करत म्हणालीस, “खालचा चुकला तर वरचा मरतो. म्हणून त्याने आवाज कितीही गोड काढावा, वजन गोड करू नये.”

शिट्टी मान डोलवत होता. तू माझ्याकडे बघतही नव्हतीस, तू बोटाने डब्याच्या कडेचं काहीतरी पुसत होतीस. मी तिथे बसून तुझ्या काळजीने मरत होते आणि तू विचारलंस की ऊन लागलं का तुला, रंग उतरलाय.

म्हणून आज सकाळी तू गेल्यावर मी तुझा रिपोर्ट घेऊन इथल्या मोठ्या हॉस्पिटलात गेले, तुला न विचारता. सर्जनबाईंनी फोटो बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, पेशंट कुठे आहे? मी सांगितलं, कामावर, क्रेनवर. त्यांनी चष्मा काढला. आता शेवटाला आले बघ, भिंगरी. जे सात आठवड्यांपूर्वी सांगायचं होतं ते आत्ता लिहिते. गाठ डाव्या बाजूच्या अंडाशयाची आहे. एकोणीस सेंटीमीटर लांब, सोळा रुंद, चौदा जाड. रिपोर्टमध्ये शब्द इनॉर्मस आहे, डॉक्टर लोक तो सहसा वापरत नाहीत, मी नऊ वर्षांत चारदा टाइप केलाय. पाचवी पायरी. मी तुला दुसरी सांगितली. बाकी लोकांसाठी मी एक, फार तर दोन पायऱ्या उतरले, तुझ्यासाठी तीन. गाठीत पाणी आहे आणि घट्ट भागही आहेत, ते कसले आहेत हे काढून तपासल्यावरच कळेल. चांगले असू शकतात, वाईट असू शकतात, सर्जनबाईंनी दोन्हीतलं काहीच सांगितलं नाही आणि मीही सांगणार नाही. गाठीने डाव्या किडनीची नळी दाबून धरलीय. गाठ कधीही पिळली जाऊ शकते किंवा फुटू शकते, आणि तसं वर केबिनमध्ये झालं तर तुला खाली आणायला वेळ पुरणार नाही. रिपोर्टची शेवटची ओळ होती, तातडीने सर्जनला दाखवावे. ती ओळ मी तुला वाचूनच दाखवली नाही. या सात आठवड्यांनी किती बिघडलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. मी तिथून बाहेर पडून आधी गोदीत फोन लावला. शिट्टी म्हणाला की वारा आहे म्हणून आज क्रेन बंद, तू खाली शेडमध्ये तारा तपासतेयस. त्याला एवढंच सांगितलं की वारा पडला तरी तिला शिडी चढू देऊ नका. त्याने का म्हणून विचारलं नाही. उद्या सकाळी दहाला सर्जनबाईंनी तुला बोलावलंय, उपाशीपोटी, आणि दोन-तीन दिवसांत ऑपरेशन करावं असं त्यांचं म्हणणं आहे. इंजिनं दुसरं कोणीतरी चढवेल, नाहीतर खाली राहतील. तुझ्या लेकीला मी अजून काही कळवलेलं नाही, ते तू ठरव. मी परत जाणार नाहीये, तू म्हणालीस तरी. मला भयंकर भीती वाटतेय, भिंगरी. तू माझ्यावर रागावशील याची आहे, पण ती अगदी छोटी. हा कागद वाचताना तू एकटी असशील याची आहे, म्हणून पत्र टेबलावर ठेवते आणि मी पलीकडच्या खोलीत बसते, दार नुसतं लोटलेलं आहे. वाचून झालं की हाक मार. शिव्या घालायच्या असतील तर घाल, बोलायचं नसेल तर भांडं आपट. पण तुझ्याकडून काहीतरी आवाज येऊ दे, मी लगेच आत येईन.

तुझीच, दाराशी कान लावून बसलेली,
ताई